साकीनाक्यावर घडलेली नाताळच्या झाडाची बैठक

अंधेरीहून कुर्ल्याकडे जाणारा रस्ता आणि पवईकडून उतरणारा साकी विहार रस्ता जेथे एकमेकांस भेटतात, तो चौक म्हणजे साकीनाका. वर मेट्रोचा पूल आहे. ८ जून २०१४ पासून वर्सोवा ते घाटकोपर अशी गाडी त्यावरून धावते. खाली बस, रिक्षा, हातगाड्या आणि माल भरलेले टेम्पो यांची अशी काही दाटी असते, की रस्ता ओलांडायला आमच्यासारख्या गावाकडच्या माणसाला दोनदा देवाचे नाव घ्यावे लागते. नाक्यावरून खैरानी रोडला वळले, की दोन्ही बाजूंना गाळे लागतात. कुठे पत्रा कापतात, कुठे पाईप वाकवतात, कुठे भंगाराचे ढीग तोलले जातात. वेल्डिंगच्या ठिणग्या भरदिवसा डोळे दिपवतात. आपल्या वाचकांपैकी कितीतरी घरांतला एखादा मुलगा, भाऊ किंवा भाचा या भागात कामाला असेल.

अशा ठिकाणी नाताळच्या झाडाचे काय काम, असे कुणी विचारील. पण हा भाग नेहमीच असा नव्हता. नाक्याच्या पश्चिमेला थोडे चालले की मरोळ येते, आणि मरोळच्या जुन्या गावठाणात अजून बैठी घरे, पडव्या आणि चौकातला दगडी खुरीस पाहायला मिळतो. ही वस्ती ईस्ट इंडियन म्हटल्या जाणाऱ्या ख्रिस्ती लोकांची. नाव इंग्रजी असले तरी माणसे अस्सल साष्टीची, आणि घरची बोली मराठीचीच एक तऱ्हा. हे नाव त्यांनी १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा घेतले. त्याआधीही आणि नंतरही बराच काळ साष्टीत त्यांचा मुख्य धंदा भातशेतीचा. आज जेथे कारखाने आणि विमानतळाच्या भिंती आहेत, तेथे पावसाळ्यात चिखलणी चाले.

या लोकांचे जुने देऊळ, म्हणजे चर्च, १५७९ साली जेझुइट पाद्र्यांनी कोंडिवट्याच्या बाजूला बांधले. १८४० मध्ये साथ आली, माणसे पटापट गेली, तेव्हा उरलेल्यांनी ती जागा सोडून मरोळला नवे चर्च केले. जुने चर्च रानात पडून राहिले. १९७३ साली सीप्झ ही निर्यातीची औद्योगिक वसाहत झाली आणि ते पडके चर्च कुंपणाच्या आत गेले. आता एरवी तेथे सहज जाता येत नाही. वर्षातून एकदा मात्र मरोळचे लोक तेथे जमून प्रार्थना करतात. शेती गेली तरी शेताच्या कडेचे दैवत विसरायचे नाही, ही गोष्ट आपल्या लोकांना वेगळी सांगायला नको.

डिसेंबर उजाडला की या गावठाणात आणि आसपासच्या चाळींत कागदी तारे लागतात, गवत आणि माती आणून येशूचा गोठा मांडतात, नेवऱ्या तळल्याचा वास सुटतो. आणि झाड उभे करतात. थंड देशात हे झाड फर किंवा स्प्रूसचे असते. तिकडे ते चक्क पीक आहे. रोप लावल्यापासून सहा-सात फुटांचे झाड व्हायला आठ-दहा वर्षे लागतात, आणि शेतकरी दरवर्षी थोडे तोडून थोडे नवे लावत जातो. आपल्याकडे ही झाडे हिमालयात. मुंबईच्या बाजारात त्यांचा पत्ता नाही. म्हणून मुंबई, वसई आणि गोव्याकडे सुरूची फांदी किंवा कोवळे सुरूचे झाड वापरतात. दुसरा प्रकार कुंडीतल्या अरोकेरियाचा. रोपवाटिकांत त्यालाच ख्रिसमस ट्री म्हणतात. तिसरे प्लॅस्टिकचे. ते दुकानातून पायांसकट मिळते, म्हणून त्याच्याबद्दल येथे काही सांगण्यासारखे नाही.

आमच्या ओळखीचे एक कुटुंब साकीनाक्याजवळ राहते. मूळ नगर जिल्ह्यातले, म्हणजे आताच्या अहिल्यानगरातले, मराठी ख्रिस्ती. मुलगा एका कारखान्यात, सून शिवणकाम करते, दोन नातवंडे, आणि गावी आजी. खोली दहा बाय बाराची. आजीच्या शेताच्या बांधावर वारा अडवायला लावलेली सुरूची रांग आहे. भाजीच्या टेम्पोबरोबर तिने एका वर्षी सहा फुटांचे झाड पाठवले, आणि घरच्यांनी ते बादलीत दगड भरून उभे केले. चोवीस तारखेच्या रात्री सगळे मध्यरात्रीच्या प्रार्थनेहून येऊन झोपले आणि पहाटे झाड आडवे झाले. खाली धाकटी नात झोपली होती. नशीब, की फांद्या मऊ होत्या; कपाळाला खरचटले आणि काचेचा तारा फुटला एवढ्यावरच निभावले. पण बादलीतले पाणी दिव्यांच्या माळेच्या वायरवर सांडले होते आणि माळ चालू होती. आजीला हे कळले तेव्हा तिने निरोप धाडला, की झाड हवे तर आधी त्याला पाय करा, मगच मी देईन.

बादली का पडते हे समजून घेतले पाहिजे. बादलीचा तळ वरच्या तोंडापेक्षा अरुंद असतो. सहा फुटांच्या झाडाला नऊ इंचांचा तळ म्हणजे उंच मनोऱ्याला ताटलीचा पाया. शिवाय दगड बुंध्याला घट्ट धरत नाहीत. झाड हलले की दगड सरकतात, आणि एकदा सरकले की पोकळी वाढतच जाते. मांडवाची मेढ आपण नुसती खड्ड्यात ठेवून वर माती लोटत नाही. ठेचून ठेचून बसवतो. तेच येथे.

पुढच्या डिसेंबरात आजी स्वतः झाड घेऊन आली, आणि आम्ही तिघे, म्हणजे आजी, तिचा मुलगा आणि मी, खैरानी रोडच्या एका गल्लीत गेलो. गाळ्यातला मिस्त्री खिडक्यांच्या जाळ्या करणारा. असे काम त्याने पूर्वी केलेले नव्हते, पण लोखंडाला काय सांगायचे ते त्याला पक्के ठाऊक होते. या भागात बहुतेक कारागीर वजनावर भाव करतात, किलोला इतके, मजुरीसकट. म्हणून गिऱ्हाइकाने आधी मोजमाप पक्के करून जावे. नाहीतर कमी लोखंडात काम उरकले जाते किंवा नको तेथे जाड लोखंड पडते.

पहिला प्रश्न पायांचा. मिस्त्री म्हणाला, "मावशी, तीन पाय करतो. डगमगणार नाही."

आजी म्हणाली, "अरे, घडवंचीला तीन पाय बरे. घडा काय सहा फूट असतो?"

दोघेही आपापल्या परीने बरोबर होते. तीन पायांची तिवई कशाही जमिनीवर टेकते, हे खरे. पण झाड पायाच्या दिशेने कधी पडत नाही; पडते ते दोन पायांच्या मधल्या मोकळ्या बाजूला. मधल्या बिंदूपासून प्रत्येक पाय बारा इंच लांब धरला, तर तीन पायांच्या बैठकीत ही मधली बाजू बुंध्यापासून फक्त सहा इंचांवर येते. चार पाय केले तर साडेआठ इंचांवर, पाच केले तर पावणेदहावर. तीनाचे चार केले की एका पायाच्या लोखंडात अडीच इंच आधार वाढतो. चाराचे पाच केले की त्याच खर्चात सव्वा इंच. म्हणून घरगुती झाडाला चार पाय हा हिशेबाचा आकडा. चार पायांची फरशीवर कुरबुर होते, तिला सोपा उपाय आहे. एका पायाच्या टोकाला नट वेल्ड करून त्यात बोल्ट फिरवायचा. जेवढी जमीन खाली, तेवढा बोल्ट बाहेर. जमिनीवर खडूने दोन आकृत्या काढून दाखवल्या तेव्हा मिस्त्रीने स्वतःच पट्टीने मोजून पाहिले आणि चार पाय कबूल केले. पुढे तो कूलरचे स्टँडही असेच करणार म्हणाला.

पाय किती लांब असावेत याला खोलीची अडचण असते. जागा असेल तर सहा फुटांच्या झाडाला पंधरा इंचांचे पाय करावेत. दहा बाय बाराच्या खोलीत तेवढ्यात माणूस अडखळून पडेल, म्हणून आम्ही बारा इंचांवर थांबलो आणि झाड कोपऱ्यात ठेवायचे ठरवले. कोपऱ्याच्या दोन भिंती हाही एक आधारच. पायांना पस्तीस मिलिमीटरचा, पाच मिलिमीटर जाडीचा अँगल घेतला. तो मीटरला सुमारे अडीच किलो भरतो. पातळ पंचवीसचा अँगल मीटरला किलोभरच भरतो. तो मोडणार नाही, पण बैठकीला वजन हवे असते, आणि ते जमिनीलगत हवे. येथे लोखंड वाचवणे म्हणजे नांगराचा फाळ कागदाचा करण्यासारखे आहे.

दुसरा प्रश्न पकडीचा, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त फसगत येथे होते. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच हलक्या स्टँडला एकच कडे आणि त्यात तीन बोल्ट असतात. एकाच उंचीवर धरलेला बुंधा त्या बोल्टांभोवती डोलतो. बैलगाडीची साठी एकाच खुंटीवर बांधली तर काय होईल? धरायचे तर दोन ठिकाणी धरावे. आम्ही खाली मधोमध दोन इंचांचा टोकदार खिळा घेतला, ज्यावर बुंध्याचा तळ बसतो, आणि त्याच्या वर दहा इंचांवर सहा इंच व्यासाचे कडे, चार उभ्या सळयांवर. कड्यातून चार लांब बोल्ट आत येतात. हे दहा इंच का, तेही सांगतो. कुणी पोर पळताना झाडाला पाच फुटांवर एक किलोचा धक्का देईल, तर दहा इंचांवरच्या बोल्टला सहा किलो सोसावे लागतील. कडे पाच इंचांवर असेल तर तोच धक्का बारा किलोंचा होईल. कडे जितके उंच, तितके बोल्टचे काम हलके. बोल्टच्या टोकाला जुन्या ट्यूबचे रबर आणि लाकडाची चकती लावली, म्हणजे कोवळ्या बुंध्यात टोक रुतत नाही.

जर्मनीत बव्हेरियामध्ये क्रिनर नावाच्या एका शेतकऱ्याने या बोल्ट आवळण्याच्या कटकटीवर तोड काढली. त्याच्या बैठकीत एकच पोलादी तार सगळ्या पकडींतून फिरते. पायाने तरफ दाबली की सर्व बाजूंनी बुंधा एकाच वेळी धरला जातो. बुंधा वाकडा असला तरी प्रत्येक पकड आपापल्यापुरती पुढे येते. स्ट्रॉबेरी पिकवणारा माणूस, पण त्याचे हे स्टँड आता देशोदेशी जाते. आपल्या तालुक्यातल्या ट्रॉली बांधणाऱ्या मिस्त्रींची डोकी काही कमी नाहीत. त्यांच्यापुढे अशी अडचण कुणी मांडत नाही, एवढेच.

तिसरी गोष्ट पाण्याची. तोडलेले झाडसुद्धा पाणी पिते, आणि पिते तोवरच हिरवे राहते. फरच्या झाडाचा तिकडे ठोकताळा असा, की बुंध्याच्या एका इंच जाडीमागे दिवसाला लिटरभर पाणी लागू शकते. लाकडी फळ्यांची फुली ठोकून त्यावर झाड उभे करायची जुनी रीत आहे. दिसते छान, पण त्यात पाण्याला जागाच नाही. आमच्या बैठकीत खिळ्याभोवती दहा इंच रुंद आणि चार इंच खोल अशी पत्र्याची परात वेल्ड केली. तीत पाच लिटर पाणी मावते, म्हणजे तळाला पाच किलो वजनही आयते मिळते. बोल्ट पाण्याच्या वर राहिले पाहिजेत. बोल्टची भोके पाण्यात आली तर बैठक गळणार, मग कितीही चांगले वेल्डिंग असो. गाळ्यातच परात भरून अर्धा तास ठेवली आणि खाली कागद अंथरला. एका कोपऱ्यात कागद ओला झाला. मिस्त्रीने काही न बोलता पाणी ओतून दिले, पत्रा पुसून कोरडा केला आणि पुन्हा टाका मारला. घरी नेऊन मग हे उमगले असते तर फेरी पडली असती.

झाड उभे करायच्या आधी बुंध्याचा इंचभर तुकडा करवतीने सरळ कापून टाकावा. टेम्पोतून येताना कापलेल्या तोंडातून हवा आत शिरते आणि पाण्याच्या नळ्या बंद होतात. फरच्या झाडाला तर चीक येऊन तोंड बुजते. नवे तोंड केले, की लगेच पाण्यात ठेवावे. बुंधा कड्यात बसत नाही म्हणून कोयत्याने बाजू तासू नये. झाडाचे पाणी सालीलगतच्या लाकडातून चढते. तेच तासले तर परातीत पाणी असूनही झाड तहानलेले राहते. पाण्यात साखर, औषधे घालायची गरज नाही. साधे पाणी पुरते, पण तोंड एकदाही उघडे पडू देऊ नये.

सुरू काही फरइतका टिकत नाही. आठ-दहा दिवसांत काड्या गळू लागतात. म्हणून तो तेवीस-चोवीस तारखेलाच तोडून आणावा, महिन्याच्या सुरुवातीला नव्हे. आणि तो आपल्या बांधावरचा असावा. किनाऱ्यावरची किंवा रस्त्याकडेची सुरूची झाडे सरकारी लागवडीची असतात. शहरात तर झाडतोडीवर १९७५ चा कायदा आहे, तेथे परवानगीशिवाय कोयता उचलू नये.

झाड उभे केल्यावर ओळंबा लावून दोन बाजूंनी पाहिले. मग आजीने स्वतः शेंड्याला धरून वीतभर ओढले आणि सोडले. झाड परत जागेवर आले. पुन्हा चारही मोकळ्या बाजूंना ओढून पाहिले. मागच्या दोन पायांवर वाळू भरलेल्या दोन पिशव्या ठेवल्या आणि त्यावर गोठ्याचे गवत पसरले, म्हणजे लोखंड दिसेना आणि वजनही वाढले. दिव्यांच्या माळेबाबत आजी फार कडक. लोखंडी बैठक, त्यात पाणी आणि जवळ वीज, हे त्रिकूट वाईट. माळेची वायर सोलवटलेली नाही हे बघून ती झाडाच्या वरच्या भागातच गुंडाळली. जोडणीचे टोक भिंतीवर उंच ठेवले, बैठकीला वायर कुठेही लागू दिली नाही. रात्री झोपताना माळ बंद. मेणबत्त्या झाडापासून लांब, दुसऱ्या भिंतीशी. वाळलेला सुरू पेंढ्यासारखा पेटतो.

शहरात परातीच्या पाण्याची आणखी एक काळजी असते. डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. म्हणून परातीवर जुन्या साडीचा तुकडा घट्ट बांधला आणि रोज वरून पाणी घातले. नाताळ ते ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत झाड ठेवायचे असेल, तर मध्ये एकदा पाणी पूर्ण बदलावे.

ज्यांना झाड तोडणे नको वाटते त्यांनी कुंडीतला अरोकेरिया घ्यावा. त्याला बैठक नको, पण कुंडी मात्र मातीची जड आणि रुंद तळाची हवी. रोपवाटिकेतल्या काळ्या पिशवीत उभे केलेले झाड पंख्याच्या वाऱ्यानेही कलते. त्याचा शेंडा कधी छाटू नये, कारण मग झाड सरळ वाढत नाही. बाजूच्या फांदीचे कलम केले तर तेही आडवेच वाढते. रोप बियाण्याचे किंवा शेंड्याच्या कलमाचे हवे. रोपवाटिका चालवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, कारण मुंबईकर गिऱ्हाईक सरळ झाडालाच पैसे मोजते. यातल्याच कुक पाईन नावाच्या जातीची एक गंमत आहे. हे झाड जगात कुठेही लावले तरी विषुववृत्ताकडे कलते, असे पाच खंडांतली झाडे मोजून २०१७ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. सरासरी साडेआठ अंश! म्हणजे आपल्याकडे ते दक्षिणेला झुकणार. बागेत असे झाड दिसले तर माळ्याला बोल लावू नका.

साकीनाक्याच्या त्या घरात ६ जानेवारीनंतर झाड उतरवले. लाकूड टेम्पोने परत गावी, आजीच्या चुलीला. बैठक कोरडी पुसून तेलाचा हात फिरवला, बोल्ट मागे घेतले, आणि मार्चमध्ये सुनेने त्या सहा इंची कड्यात पाण्याचा माठ ठेवला. माठाचा गोल तळ कड्यात नेमका बसतो आणि पाझरलेले पाणी खालच्या परातीत पडते. डिसेंबरपर्यंत ती तेथेच असते.